पाडवा ते पाडवा: कथा-कादंबऱ्यांसोबत एक वर्ष (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चैत्रापासून फाल्गुनापर्यंत दर महिन्याला कथा-कादंबरीचं एक पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तक आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्या कुणाचं तरी. आमच्या वाचनगटाचा उपक्रम एवढाच आहे. त्यात येऊ इच्छिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. गटात न येता घरी एकट्यानं हे वर्ष काढायचं असेल, तरी ती उपयोगी पडतील.

नेमकं काय करायचं असतं?

बारा महिन्यांत बारा पुस्तकं वाचायची. पुस्तक कुठलं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. आम्ही फक्त त्या महिन्याची दिशा सांगतो. अट एकच: पुस्तकातली माणसं आपल्यापेक्षा कशात तरी वेगळी हवीत. गाव, जात, भाषा, देश, काळ, वय, कमाई, यातलं काहीही चालेल. महिनाअखेरीला चार ओळींची नोंद लिहायची आणि जमलं तर गटात बोलायचं.

बारा हा आकडा मुद्दाम लहान ठेवला आहे. वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प केला की माणूस नकळत पातळ आणि सवयीची पुस्तकं उचलू लागतो. आम्हाला संख्या नको आहे. एकच पुस्तक महिनाभर डोक्यात घोळत राहिलं, तर त्या महिन्याचं काम झालं.

पाडव्यापासूनच का? मध्येच आलं तर चालेल का?

मध्येच आलात तर आनंदच आहे. ज्या महिन्यात याल तिथून सुरू करा, मागचे महिने भरून काढत बसू नका.

पाडवा निवडण्याचं कारण व्यवहारी आहे. परीक्षा संपत आलेल्या असतात, सुट्टी तोंडावर असते आणि सवय लागायला निवांत वेळ मिळतो. शिवाय दिवाळी अंक वर्षाचा मध्य उलटल्यावर लवकरच हाती येतात. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आहे आणि २०२७ मध्ये ७ एप्रिलला. मधे बारापेक्षा जास्त महिने दिसतात, कारण २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्याला आम्ही नवं पुस्तक ठेवत नाही. रेंगाळलेलं पुरं करायचं, किंवा आवडलेलं पुन्हा वाचायचं. दुसऱ्या वाचनात पुस्तकं किती वेगळी दिसतात, ते याच महिन्यात कळतं.

बारा महिन्यांची दिशा कशी ठरवली आहे?

जवळून लांब. चैत्रात आपल्या स्वतःच्या जिल्ह्याची किंवा भागाची कादंबरी. वैशाखात महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा दुसरा भाग, शक्यतो दुसरी बोली. ज्येष्ठात आपल्याच गावातलं, पण आपण कधी पाय न ठेवलेल्या वस्तीतलं जगणं. आषाढात बाईनं बायकांबद्दल लिहिलेलं, किमान पन्नास वर्षं जुनं पुस्तक. श्रावणात शेजारची भाषा: कन्नड, कोंकणी, गुजराती, तेलुगू किंवा हिंदी. भाद्रपदात लांबची भारतीय भाषा, म्हणजे बंगाली, ओडिया, असमिया, मल्याळम, तमीळ, पंजाबी. आश्विनात आदिवासी किंवा भटक्या समाजाचं जगणं. कार्तिकात दिवाळी अंकातल्या कथा. मार्गशीर्षात आशियातला दुसरा देश, पौषात आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिका. माघात शंभर वर्षांहून जुनी मराठी कादंबरी. फाल्गुनात मात्र निवड आपली नाही: आपल्यापेक्षा वयानं किंवा विचारानं अगदी वेगळ्या माणसाला त्याचं जिवाभावाचं पुस्तक विचारायचं आणि तेच वाचायचं.

क्रम बदलायचा असेल तर बदला. चैत्र आणि वैशाख मात्र सोडू नका. का, ते पुढे येईलच.

कथा-कादंबऱ्याच का? आत्मकथनं, इतिहास, प्रवासवर्णनं का नाहीत?

मराठीतली आत्मकथनं, विशेषतः दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांची, आम्ही कुणापेक्षा कमी मानत नाही. ती जरूर वाचा. पण कादंबरी एक गोष्ट करते ती दुसऱ्या प्रकारात क्वचित होते: जो माणूस आपल्याला पटत नाही, त्याच्याही मनात ती आपल्याला बसवते.

उदाहरण घ्यायचं तर यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’, १९६५ सालची कन्नड कादंबरी. एका अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा नावाचा माणूस मरतो. त्यानं ब्राह्मणांचे सगळे नियम मोडलेले, चंद्री नावाच्या बाईला घरात ठेवलेलं. आता त्याला अग्नी कोण देणार? आणि प्रेत उचललं जात नाही तोवर अग्रहारात कुणाला जेवता येत नाही. नियम माहीत करून घ्यायचा असेल तर धर्मशास्त्राच्या पुस्तकात दोन ओळींत मिळेल. कादंबरी आपल्याला त्या उपाशी घरांत नेऊन बसवते. मग चंद्री अंगावरचे दागिने काढून अंत्यविधीच्या खर्चासाठी अग्रहाराचे विद्वान आचार्य प्राणेशाचार्य यांच्यापुढे ठेवते, आणि इतका वेळ ‘आम्हाला जमणार नाही’ म्हणणाऱ्यांच्या नजरा त्या सोन्यावर जातात. त्या क्षणी वाचणारा त्या माणसांचा तिरस्कार करतो, आणि त्याच वेळी त्यांची भूक त्याला समजतही असते. ही दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येणं, यासाठी हे सगळं वर्ष आहे.

मराठी पुस्तकं वाचून क्षितिज कसं रुंदावणार? ती तर आपलीच आहेत.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामुळेच पहिले दोन महिने आम्ही सोडू देत नाही. जपानी किंवा कोलंबियन कादंबरी वाचलेला पण वऱ्हाडी बोलीतलं एक पान न वाचलेला वाचक मुंबई-पुण्यात सहज भेटतो. पुढच्या तालुक्यातलं जगणं आपल्याला माहीत आहे असं आपण गृहीत धरलेलं असतं.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) या दोन कादंबऱ्या एकापाठोपाठ वाचा असं मी आग्रहानं सांगेन. दोन्हींत शिंपी कुटुंब आहे. दोन्हींत संसाराचा भार बाईवर आहे. एक वऱ्हाडातली, दुसरी मराठवाड्यातली. ‘धग’मधली कौतिक आपल्याला बाहेरून दिसते. लेखक तिच्या मागे मागे चालतो, ती पडते, उठते, कमावते, पुन्हा पडते, आणि तिचं बोलणं आपण वऱ्हाडीत ऐकतो. ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याची बायको पारबती स्वतःच सांगते आहे, पहिल्या वाक्यापासून तिच्याच बोलीत. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये ती कशी चेपत जाते, ते दुसऱ्या कुणी सांगूच शकलं नसतं. जवळपास सारखा व्यवसाय, सारखी गरिबी, पण दोन बायकांचा स्वभाव वेगळा आणि त्यांच्या गावांचाही. ‘ग्रामीण कादंबरी’ या एका खणात आपण दोन्ही टाकून मोकळे होतो, ते किती अन्यायाचं आहे हे दोन्ही वाचल्यावर लक्षात येतं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) शाळेत धडा म्हणून वाचलेली असेल तर आता सबंध वाचा. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो आणि शाळेत मुलंच नसतात. ती यायला लागतात, गाव त्याला आपला म्हणतं, आणि मग दुष्काळ पडतो. पुस्तक लहान आहे, भाषा अत्यंत साधी, आणि तरीही आपल्याला न कळणाऱ्या माणसांकडे कसं पाहावं याचं इतकं नेमकं शिक्षण मराठीत दुसरीकडे कमीच मिळेल. कोकणासाठी श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आहे. शहरातल्यांनी ज्येष्ठात जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) किंवा बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) हा कथासंग्रह घ्यावा. दोन्ही एकाच वर्षी आली. ज्या मुंबईतून आपण रोज लोकलनं जातो, तिच्याच झोपडपट्ट्या आणि वस्त्या त्यात आहेत.

आश्विनासाठी काय वाचू? फार काही सुचत नाही.

विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’ (१९५०). हे मालतीबाई बेडेकरांचं टोपणनाव. १८७१ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं आणि त्यांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवलं जायचं. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी नोकरी केली आणि तिथलं पाहिलेलं कादंबरीत आणलं. हा कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ उजाडलं. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा ही गोष्ट इतिहासजमा झालेली नव्हती.

दुसरा पर्याय, गोपीनाथ महांती यांची ओडिया कादंबरी ‘परजा’ (१९४५). कोरापूटच्या डोंगरातलं एक आदिवासी कुटुंब सावकाराच्या वेठबिगारीत पाऊल टाकतं आणि एकेक माणूस, एकेक शेताचा तुकडा हातातून जातो. वाचताना जीव घाबरा होतो. पण जंगल, नाच आणि पहिल्या पावसाचं इतकं उत्कट वर्णन त्यात आहे की काय हिरावलं जातंय ते आपल्यालाही कळतं.

अनुवाद वाचणं म्हणजे खरं पुस्तक वाचणं का?

हो. नि:शंक हो. अनुवाद नसते तर आपल्यापैकी बहुतेकांना शरच्चंद्र कधी भेटलेच नसते. मामा वरेरकरांनी ते बंगालीतून आणले आणि मराठी घरांत ते घरचे लेखक झाले. पुलंनी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी ‘एका कोळियाने’मध्ये आणला, शांताबाई शेळक्यांनी ‘चौघीजणी’ आणली, राम पटवर्धनांनी ‘पाडस’. फ्लॉरिडाच्या रानातला मुलगा आणि त्याचं हरीण यांच्यासाठी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या रडल्या आहेत. जी. ए. कुलकर्णींसारख्या लेखकानं कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणायला स्वतःची वर्षं दिली. हे दुय्यम काम वाटलं असतं तर त्यांनी ते हाती घेतलंच नसतं.

उमा कुलकर्णी यांची काम करण्याची रीत तर प्रत्येक वाचकाला माहीत हवी. त्यांना कन्नड ऐकून समजते, पण ती लिपी वाचून अनुवाद करण्याइतकी त्यांच्या सवयीची नाही. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड पुस्तक वाचून देत आणि ते ऐकून त्या मराठीत लिहीत. एस. एल. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’सारख्या कादंबऱ्या अशा कानावाटे मराठीत आल्या. ‘पर्व’ची जाडी एकदा हातात घेऊन पाहा आणि हे काम किती दिवसांचं असेल याचा विचार करा.

म्हणून आमचा एक नियम पक्का आहे: नोंदीत अनुवादकाचं नाव नसेल तर नोंद अपुरी. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात अर्धी अर्धी वाटली जाते. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना तो मिळाला, तेव्हा अनुवादकांनाही बरोबरीचा मान मिळाला. आपल्याकडे मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव अजून बऱ्याचदा शोधावं लागतं.

एक गोष्ट मात्र तपासा. आतल्या पानावर अनुवाद मूळ भाषेतून केला आहे की इंग्रजीवरून, ते बहुधा दिलेलं असतं. इंग्रजीवरून केलेला अनुवाद टाळा असं नाही, चांगले अनुवादक तिथेही कमाल करतात. पण दोन अनुवाद उपलब्ध असतील तर मूळ भाषेतून आलेला आधी घ्या.

आणि हिंदी कळत असेल तर मूळच वाचा. लिपी तीच आहे. श्रीलाल शुक्लांच्या ‘राग दरबारी’चा (१९६८) किंवा फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘मैला आंचल’चा (१९५४) बाज मूळ हिंदीतच पुरता कळतो. पहिली तीस पानं जड जातील, मग कान बसतो.

शेजारच्या भाषेत कुठून सुरुवात करू?

कन्नडचं वर आलंच. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या वाचकांना मी दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ सुचवते, जिला १९८३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. गोव्यातली एक बाई घरकामासाठी कुवेतला जाते. आखाती देशांतून येणाऱ्या पैशांवर उभी राहिलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती कुणाच्या एकटेपणावर उभी राहिली, ते हे पुस्तक सांगतं. मावजो यांना पुढे ज्ञानपीठही मिळालं. कोंकणी देवनागरीत वाचता येते, तेव्हा मराठी वाचकांनी चार पानं मूळची वाचून पाहावीत.

गुजरातीत पन्नालाल पटेल यांची ‘मानवीनी भवाई’ (१९४७). विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे आपल्या इसवी सनानं १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. भुकेनं माणसाचं काय होतं, आणि काळू-राजूसारखी दोन माणसं त्यातून काय वाचवतात, ते इथे आहे. ‘बनगरवाडी’ वाचून झाली असेल तर ही लगेच घ्या. दुष्काळ दोन्हीकडे आहे, पण माडगूळकर जिथे थोडक्यात आवरतात तिथे पन्नालाल थांबून डोळे उघडे ठेवायला लावतात.

परदेशी पुस्तक म्हणजे अमेरिकन-इंग्लिश चालेल का?

ती आपण एरवीही वाचतोच. मार्गशीर्ष आणि पौष मुद्दाम दुसरीकडच्यांसाठी ठेवले आहेत.

आफ्रिकेसाठी चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) घ्या. नायजेरियातलं इग्बो गाव. तिथे पुरुषाची पत त्याच्या कोठारात किती याम कंद आहेत यावर ठरते. दुसऱ्या भागात मिशनरी येतात आणि गाव आतून दुभंगतं. मराठी वाचकाला इथे एक वेगळीच वाट सापडते. आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांतली ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही बाबा पदमनजींनी लिहिली, आणि ते स्वतः ख्रिस्ती झालेले होते. हिंदू विधवांचे हाल पाहून ते व्याकूळ होतात आणि नव्या धर्माकडे आशेनं पाहतात. अचेबे त्याच धर्माचं येणं गावाच्या अंगणात उभं राहून पाहतात, पण ज्यांना गावानं बाहेर ठेवलं होतं तेच आधी चर्चमध्ये का गेले, हेही लपवत नाहीत. पौषात अचेबे आणि माघात पदमनजी अशी जोडी लावली तर दोन्ही महिन्यांना अर्थ येतो.

माघासाठी दुसरं पुस्तक हरिभाऊ आपट्यांचं, ‘पण लक्षात कोण घेतो?’. १८९० पासून ते ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येत होतं. योगायोग असा की तिचीही नायिका यमूच. एका पुरुषानं त्या काळी मुलीच्या तोंडून सबंध कादंबरी सांगितली, आणि आजही तिचा आवाज खरा वाटतो.

पुस्तकं विकत घ्यावी लागतील का?

एकही नाही, वाचनालयाचे सभासद असाल तर. महाराष्ट्रात रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात तर १८३२ ची. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी वाचनालयं लहान गावांतही आहेत. त्यांची कपाटं नवीन पुस्तकांसाठी हपापलेली असतात हे खरं, पण आम्ही सुचवतो ती पुस्तकं बहुतेक जुनीच आहेत, आणि तीच नेमकी तिथे मिळतात. अनामत आणि महिन्याची वर्गणी एवढाच खर्च.

ग्रंथपालांशी बोला. ‘नॅशनल बुक ट्रस्टच्या आदान-प्रदान मालेतलं काही आहे का?’ किंवा ‘साहित्य अकादेमीचे अनुवाद कुठे ठेवता?’ असं विचारलं की बहुधा मागच्या खोलीतून चांगला ढीग निघतो. भारतीय भाषांमधल्या कादंबऱ्या या दोन संस्थांनी मराठीत सातत्यानं आणल्या, स्वस्तात आणल्या. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तकंही जुन्या वाचनालयांत अजून सापडतात.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे हरिभाऊंसारख्यांचं लेखन कुणीही मोकळेपणानं छापू आणि वाटू शकतं. माघाचं पुस्तक म्हणूनच फुकट मिळणं अवघड नाही.

परदेशातल्यांनी आधी आपल्या महाराष्ट्र मंडळात विचारावं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या ग्रंथपेट्या देशाबाहेरच्या मराठी मंडळींपर्यंत पोचल्या आहेत.

ऐकलेलं पुस्तक धरता का?

धरतो. बोलीतली पुस्तकं तर ऐकणंच चांगलं.

बोलीभाषा कळत नाही. सोडून देऊ?

वीस पानं मोठ्यानं वाचा, मग ठरवा. डोळ्यांना अनोळखी वाटणारा शब्द कानाला ओळखीचा निघतो. प्रत्येक शब्द अडला तरी चालेल, वाक्य पुढे जात राहिलं पाहिजे. त्या भागातलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना एखादं पान वाचून दाखवायला सांगा. आमच्या गटात एक सभासद अकोल्याच्या आहेत. त्यांनी ‘धग’मधले संवाद वाचून दाखवले तेव्हा तोवर ‘जड आहे’ म्हणणारे सगळे गप्प होऊन ऐकत होते, आणि घरी जाऊन बऱ्याच जणांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून धरलं.

वेळच मिळत नाही.

दोनशे चाळीस पानांचं पुस्तक महिन्यात संपवायला दिवसाला आठ पानं लागतात. आठ पानं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ. ज्या महिन्यात घरात लग्न किंवा आजारपण आहे, त्या महिन्यात ‘बनगरवाडी’सारखं छोटं पुस्तक घ्या आणि ‘पर्व’ पुढे ढकला.

पुस्तक आवडलं नाही तर?

पन्नास पानांनंतर सोडायला मोकळीक आहे. कोणत्या पानावर सोडलं आणि का, ते मात्र नोंदवा. ‘कंटाळा आला’ हे कारण पुरेसं नाही. कशाचा आला ते लिहा. पुष्कळदा ते लिहितानाच कळतं की पुस्तक कंटाळवाणं नव्हतं, आपल्याला अस्वस्थ करत होतं. तसं असेल तर आणखी पन्नास पानं द्या.

हिंसा, जातिवाचक शब्द, शारीरिक संबंध असलेलं वाचायलाच हवं का?

सक्ती कशाचीच नाही. एखाद्या विषयाचा तुम्हाला खरोखर त्रास होत असेल तर गटात आधी विचारा, वाचलेलं कुणीतरी स्पष्ट सांगेल. कारण देण्याची गरज नाही.

त्रास आणि अवघडलेपण मात्र वेगळे. विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे नि:श्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये आला तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं असं उघड लिहिलं म्हणून मोठा गदारोळ झाला. आज त्या कथा वाचताना कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. पण बागुलांच्या कथा वाचताना आपण अजूनही अवघडतो, आणि तसं व्हायलाच हवं. जुन्या पुस्तकांत लेखकाचे स्वतःचे पूर्वग्रहही दिसतात. ते झाकून वाचू नका, नोंदीत लिहा.

नोंद कशी लिहायची?

पुस्तक, लेखक, मूळ भाषा, अनुवादक. मग तीन गोष्टी: गोष्ट घडते ती जागा, न पटलेला माणूस, आणि मनात राहिलेला प्रश्न. परीक्षण नको, तारे-गुण नकोत. माझीच एक नोंद नमुन्यादाखल देते:

‘वंशवृक्ष. एस. एल. भैरप्पा. कन्नड. अनुवाद: उमा कुलकर्णी. जागा: कपिला नदीकाठचं नंजनगूड, आणि म्हैसूर. न पटलेला माणूस: श्रीनिवास श्रोत्री. विधवा सून शिकते, दुसरं लग्न करते, आणि मुलगा आजोबांकडेच राहतो. मला त्यांचा राग आला. पण घरात आवाज चढवणारा, सुनेला कोंडणारा सासरा ते नाहीत. त्यांनी तिला शिकूही दिलं. इतका भला माणूस इतकं दुःख कसं देऊ शकतो? प्रश्न: घराण्याचं सातत्य ही कल्पना माझ्या डोक्यात किती आहे? माझ्या मुलाचं आडनाव कुणाचं, हे मी कधी विचारलं होतं का?’

मुलांना घेता येईल का?

आठवी-नववीपासून सहज. ‘पाडस’, ‘चौघीजणी’, ‘बनगरवाडी’ यांनी सुरुवात करा आणि घरात एकाच महिन्यात एकच पुस्तक आई-बाबा-मुलांनी वाचा. इंग्रजी माध्यमातल्या किंवा परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला होत असेल तर कादंबरीचा हट्ट नको. आळीपाळीनं मोठ्यानं वाचलेली एक कथाही त्या महिन्याचं पुस्तक म्हणून धरू.

दिवाळी अंकाचा महिना कसा करायचा?

अंक कुठलाही घ्या, पण आधी अनुक्रमणिका वाचा आणि ज्या कथालेखकांची नावं कधी ऐकली नाहीत त्यांच्या कथांवर खूण करा. फक्त त्याच वाचा. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतल्या नव्या लेखकाला पहिली मोठी जागा बहुधा या अंकांतच मिळत आली आहे. ओळखीची नावं वाचून अंक बाजूला ठेवला तर त्याचा अर्धा उपयोग वाया गेला.

प्रमाणपत्र, बक्षीस, क्रमांक असं काही आहे का?

नाही. ठेवणारही नाही.

गट कसा जमवू? इथे मराठी वाचणारं कुणी नाही.

तिघं पुरे. भिशी जशी चालते तसं करा: दर महिन्याला एकाच्या घरी, चहा-पोहे, आणि ज्याच्या घरी त्यानं आधी आपली नोंद वाचायची. पुस्तक सगळ्यांचं एकच असलंच पाहिजे असं नाही, दिशा एक असली की बोलायला भरपूर निघतं. एकाच सोसायटीतल्या, एकाच वयाच्या, एकाच जातीच्या लोकांचा गट होऊ देऊ नका. घरी काम करणाऱ्या ताई, वॉचमन काका, समोरच्या दुकानातला मुलगा यांना विचारलंय का? वाचणारं माणूस कुठे भेटेल सांगता येत नाही.

पहिलं पाऊल कोणतं? आज काय करू?

जवळच्या वाचनालयाची वेळ पाहा. बरीचशी दुपारी बंद असतात आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एक फोटो आणि अनामत रक्कम सोबत न्या. तिथे गेल्यावर ग्रंथपालांना विचारा की आपल्या जिल्ह्याबद्दल लिहिणारा कादंबरीकार कोण. नाव माहीत नसलेलं निघालं तर तेच पुस्तक घरी घेऊन या.